बाई, तो अर्धा दिवस तुम्ही शोधलात

बाई, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "गप रे" म्हणून विषयच बदललात, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

वृषभ राशीत एचआर 1099 म्हणून जोडतारा आहे, दोन तारे 2.84 दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि मोठ्यावर प्रचंड डाग आहेत. टेलिस्कोपमधून नुसता ठिपका दिसतो, पण डाग फिरत समोर आला की ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या वर्णपटाच्या काळ्या रेषेत एक उंचवटा निळ्या बाजूकडून लाल बाजूला सरकत जातो, विषुववृत्ताजवळचा डाग असेल तर रेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ध्रुवाजवळचा मधल्यामधेच. माझा प्रोजेक्ट हाच, त्यावरून डागांचा नकाशा करायचा, काही आठवड्यांनी दुसरा, मग एकेका अक्षांशाचा पट्टा कुठे किती सरकला ते ताडून बघायचं. सूर्य मध्यावर साधारण 25 दिवसांत फिरतो, ध्रुवाकडे 35 च्या आसपास. या ताऱ्यावर तो फरक सूर्यापेक्षा कमीच मोजलाय, आणि माझ्या नकाशांत डाग चक्क 63 अंश सरकलेले! दीड महिना मी तेच घेऊन बसलो होतो. प्रोजेक्ट सोडायचं घरी सांगूनही झालं होतं.

त्या दिवशी फोंड्याला तुमच्या सोप्यावर बसलेलो, बाहेर पाऊस, लाईट गेलेली. तुम्ही काही न बोलता आत गेलात आणि सोललेला नारळ घेऊन आलात, त्यावर कुंकवाची तीन बोटं लावलीत, एक मध्यावर, एक जरा वर, एक डोळ्यांपाशी. आणि विचारलंत, "तिन्ही सारखीच सरकली काय रे?" मी म्हटलं होय, सगळे पट्टे 63. "मग नारळाच्या कवचाला पीळ कुठे बसला? तुझं घड्याळ चुकलंय."

मग कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलने 63 भागिले 360, गुणिले 2.84. उत्तर 0.497. "अर्धा दिवस," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या अंगावर काटा आला. एका फाईलमधली वेळ ज्युलियन दिवसात होती, म्हणजे खगोलवाल्यांच्या दिवसांच्या सलग मोजणीत, जो दुपारी बाराला सुरू होतो, दुसरीतली मॉडिफाइड ज्युलियन दिवसात, जो मध्यरात्री. रात्री घरी येऊन जोडीतल्या दुसऱ्या ताऱ्याचे वेग काढले तर तेही बरोबर अर्ध्या दिवसाने चुकलेले. जोडताऱ्याची कक्षा म्हणजे आयतं घड्याळ, ते मी एकदाही बघितलं नव्हतं, कारण कक्षेतल्या वेगामुळे सरकलेली प्रत्येक रेषा हाताने मध्यावर आणून ठेवत होतो.

दुरुस्त केल्यावर पट्ट्यापट्ट्यांत थोडाच फरक उरला, विषुववृत्त जरासं पुढे. तोच मोजायचा होता!

तुम्ही आयुष्यभर बारावीला गणित शिकवलंत, ताऱ्यांचं एक पुस्तक उघडलं नसेल, तरी माझं ऐकत दोन तास बसलात. बाई, खूप खूप आभार. तो कॅलेंडरचा कागद मी फाईलमध्ये लावलाय, परत मागू नका. चवथीला येतोय, नवे नकाशे प्रिंट करून आणतो, पट्टी आणि पेन्सिल काढून ठेवा.