ग्लीबचा हाफबॅक

सिडनी,
6 जुलै

प्रिय बाळ्या,

फोन मध्येच कट झाला आणि तुझा प्रश्न लटकत राहिला: "ऑस्ट्रेलियात राहून क्रिकेट सोडून ही रगडारगडी काय बघतोस?" पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं ते, म्हणून लिहितोय. आणि नियमांपासून सुरुवात केली तर तू दुसऱ्या पानाआधी झोपशील, म्हणून एका माणसापासून सुरू करतो. ख्रिस मॅककिव्हॅट. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी युनियन संघाचा, म्हणजे वॉलबीजचा, कप्तान आणि रग्बी लीग संघाचा, म्हणजे कांगारूंचाही, कप्तान. दोन्ही मान मिळालेला हा एकटाच. यातली मेख कळायला आधी ही दोन रग्बींची भाऊबंदकी समजून घ्यावी लागेल.

भांडण सुरू झालं इंग्लंडच्या उत्तरेत. खाणीत आणि गिरणीत राबणारी पोरं शनिवारी रग्बी खेळायची. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. सामन्याला गेलं की त्या वेळेची मजुरी बुडायची. क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी आम्ही भरून देतो. रग्बी युनियनचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या संस्थेचे, साहेब म्हणाले, पैसा शिवला की खेळ बाटला. ज्यांची मजुरी कधी बुडत नव्हती अशांनी हा नियम केला होता, हे वेगळं सांगायला नको. अखेर 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे त्यांनी खेळही बदलला. 1906 मध्ये पंधराचे तेरा खेळाडू केले, म्हणजे मैदान मोकळं आणि पळापळ जास्त. हीच रग्बी लीग.

सिडनीत हे लोण आलं 1907 मध्ये. ॲलेक बर्डन नावाच्या खेळाडूचा खांदा गेला, काम सुटलं आणि युनियनने हात वर केले. त्यावरून जी मंडळी खवळली त्यांच्यात एक नाव तुझ्या ओळखीचं आहे: व्हिक्टर ट्रंपर! तोच, 1902 च्या मँचेस्टर कसोटीत पहिल्याच दिवशी उपाहाराआधी शतक ठोकणारा. शहरात त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, तिथे ही खलबतं चालायची आणि नव्या लीगचा पहिला खजिनदारही तोच झाला. बघ, क्रिकेट काही सुटलेलं नाही.

आता आपला गडी. मॅककिव्हॅट मूळचा न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागातला, कमनॉकजवळचा. ऑरेंजकडे खेळून 1905 च्या सुमारास सिडनीत ग्लीब क्लबात आला. ग्लीब म्हणजे तेव्हा कामगारांची वस्ती; आज तिथे घर घ्यायचं म्हटलं तर आपल्या दोघांच्या जमिनी विकाव्या लागतील. 1908 ला लीग सुरू झाली, डॅली मेसेंजरसारखे मोठे तारे तिकडे गेले, पण हा युनियनमध्येच राहिला आणि वॉलबीजबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. ऑक्टोबर 1908 मध्ये लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याने संघाचं नेतृत्व करून सुवर्णपदक जिंकलं. ऐकायला भव्य वाटतं, पण स्पर्धेत संघ दोनच! फ्रान्सने माघार घेतली होती आणि ब्रिटनतर्फे कॉर्नवॉल परगण्याचा संघ उतरला. एकच सामना, 32-3. मैदानाला लागूनच पोहण्याच्या शर्यतींसाठी शंभर मीटरचा तलाव बांधलेला होता. मला ही लढत मनापासून आवडते. ऑलिम्पिक तेव्हा किती घरगुती होतं, ते त्यात दिसतं.

खरा पेच त्यानंतरचा. 1909 मध्ये नवी लीग डबघाईला आली होती. कांगारूंचा इंग्लंडचा पहिला दौरा तोट्यात गेला आणि तो काढणारा गिल्टिनन दिवाळखोर झाला. तेव्हा जेम्स जॉइन्टन स्मिथ हा हॉटेलमालक पुढे आला (पुढे हाच सिडनीचा लॉर्ड मेयर झाला). त्याने डाव असा टाकला: ऑलिम्पिक जिंकून आलेल्या वॉलबीजनाच पैसे देऊन फोडायचं आणि कांगारूंशी त्यांचे सामने लावायचे. चौदा वॉलबीज फुटले, त्यात मॅककिव्हॅट. युनियनने सगळ्यांवर आजन्म बंदी घातली. कालचा ऑलिम्पिक विजेता कप्तान एका सहीने अस्पृश्य.

इकडे लीगच्याही घरात रामायण झालं. लीगने त्या वर्षीच्या क्लब स्पर्धेची अंतिम लढत वॉलबीज-कांगारू सामन्याच्या आधीचा 'किरकोळ' सामना म्हणून ठेवली. बॅलमेन क्लबला तो अपमान वाटला आणि त्यांनी मैदानात यायलाच नकार दिला. साउथ सिडनीवाले मात्र वेळेवर हजर. त्यांनी रिकाम्या अर्ध्या मैदानात किक मारली, चेंडू उचलला, समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवून ट्राय केला आणि विजेतेपद घरी नेलं. बॅलमेनवाले पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले की दोन्ही क्लबांनी मिळून बहिष्कार टाकायचं ठरलं होतं. आपल्याकडे असं झालं असतं तर अजून कोर्टात तारखा पडत असत्या.

मॅककिव्हॅटला लोभी म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. तुला कबड्डीच्या जोरावर रेल्वेत नोकरी लागली तेव्हा आळीत पेढे वाटले होते, कुणी "पैशासाठी चढाया करतो" असं म्हणालं नाही. खेळणाऱ्याच्या घरची चूल पेटायला हवी हे आपल्याला सरळ कळतं. युनियनवाल्यांना कळायला 1995 साल उजाडावं लागलं. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी मानधन खुलं केलं, जॉर्ज हॉटेलातल्या बैठकीनंतर बरोबर शंभर वर्षांनी.

मॅककिव्हॅट खेळायचा हाफबॅक म्हणून. हाफबॅकचं काम तुला लगेच कळेल, कारण चढाईपटूसारखंच ते डोक्याचं काम आहे. दोन्हीकडचे सहा-सहा दांडगट स्क्रममध्ये खांदे भिडवून वाकतात. त्यांच्या मधल्या फटीत हाफबॅक चेंडू टाकतो, मागे पळतो, पायांखालून आलेला चेंडू उचलतो. तोवर समोरचा हाफबॅक अंगावर आलेला असतो. पास द्यायचा, किक मारायची की स्वतः घुसायचं, हे तेवढ्यात ठरवायचं. त्या काळी स्क्रम जास्त व्हायचे आणि किती टॅकलनंतर, म्हणजे चेंडूवाल्याला किती वेळा पकडून पाडल्यावर, चेंडू सोडायचा याला मर्यादा नव्हती (ती इथे आली 1967 मध्ये). म्हणजे चेंडू ज्याच्या हाती, खेळ त्याचा. चांगला हाफबॅक दुपारभर समोरच्यांना नुसतं बघत ठेवू शकत असे.

1911-12 मध्ये कांगारू दुसऱ्यांदा इंग्लंडला निघाले ते मॅककिव्हॅटच्या कप्तानीखाली. वय तिशीपलीकडे. मेसेंजर, त्या काळचा सगळ्यात लाडका खेळाडू, आलाच नाही. संघात चार न्यूझीलंडचेही होते, म्हणून नाव 'ऑस्ट्रेलेशिया'. जवळच पोनी हॅलोवे हा दुसरा पट्टीचा हाफबॅक असल्यामुळे मॅककिव्हॅट गरजेप्रमाणे त्याच्या बाहेरच्या जागेवर, फाइव्ह-एट्थवरही खेळायचा. पहिली कसोटी न्यूकॅसलला 19-10 जिंकली, दुसरी एडिंबराला 11-11 बरोबरीत सुटली आणि 1 जानेवारी 1912 ला बर्मिंगहॅममध्ये यजमानांचा 33-8 असा फडशा पाडला. पस्तीस सामन्यांत हार फक्त पाच. या कसोट्यांनाही ॲशेसच म्हणतात आणि इंग्लंडच्या भूमीवर ती मालिका पुन्हा जिंकायला ऑस्ट्रेलियाला 1963 पर्यंत थांबावं लागलं. इथले लोक मेसेंजरचं नाव आधी घेतात, ते ठीक आहे. पण मला विचारशील तर मेसेंजरशिवाय जिंकलेला हा दौरा त्या काळातली सगळ्यात मोठी कामगिरी.

मला त्याचा उत्तरार्ध जास्त आवडतो. बूट खुंटीला टांगल्यावर तो बंदरापलीकडच्या नॉर्थ सिडनीचा कोच झाला. तिथे त्याला मिळाला डंकन थॉम्पसन, क्वीन्सलँडचा, बँकेतला कारकून आणि तोही हाफबॅकच. 1918 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर थॉम्पसनच्या छातीत गोळी घुसली होती. पुन्हा खेळायचं नाव काढू नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हा पठ्ठ्या परत आला आणि लीगच्या वरच्या फळीत खेळला. बाहेर विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, हॅरल्ड होर्डरसारखा पळणारा होता. 1921 आणि 1922, लागोपाठ दोन विजेतेपदं. 1922 च्या अंतिम सामन्यात समोर कोण? ग्लीब. जिथे मॅककिव्हॅट वाढला तोच क्लब. नॉर्थ सिडनीने त्यांना 35-3 लोळवलं.

थॉम्पसनचं नशीब पुढच्याच वर्षी फिरलं. लाथ मारल्याच्या आरोपावरून त्याच्यावर बंदी आली. तो चिडून क्वीन्सलँडला परतला, टुवूम्बात खेळाच्या सामानाचं दुकान काढलं आणि तिथल्या गावच्या संघाने मोठमोठ्यांना पाणी पाजलं. त्याच्यावर वेगळं पत्र होईल. टॅकल होण्याआधी चेंडू साथीदाराकडे गेलाच पाहिजे, हे त्याचं तंत्र तुझ्या पोरांना शिकवण्याजोगं आहे.

ग्लीबला विजेतेपद कधीच मिळालं नाही आणि 1929 नंतर लीगने त्यांना बाहेर काढलं. त्यांचं मैदान, वेंटवर्थ पार्क, पुढे बरीच वर्षं ग्रेहाऊंड कुत्र्यांच्या शर्यतींसाठी वापरलं गेलं. 1922 नंतर नॉर्थ सिडनीलाही विजेतेपद मिळालं नाही. मॅककिव्हॅट 1941 मध्ये गेला.

तू आलास की आपण एखादा सामना मैदानात जाऊन बघू. शनिवारचीच तिकिटं काढतो, कामावर खाडा नको. वहिनींना नमस्कार सांग आणि तुझ्या मुलांचा संघ जिल्ह्यात कुठवर गेला ते कळव.

तुझा,
दिन्या