काकूंनी तुझी समजूत घालायला सांगितलंय

प्रिय भटक्या,

परवा रात्री काकूंचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या मुद्द्यावर आल्या. "तुझं तो ऐकतो. एकट्यानं एवढे दिवस डोंगरात, तेही या वयात, कशासाठी? जरा समजाव त्याला." आवाजात राग नव्हता, नुसती काळजी होती, त्यामुळे मला पटकन काही बोलता येईना. विचार करून सांगतो, म्हटलं. विचार करायला बसलो आणि तुझ्याबरोबरची सगळी वर्षं एकामागून एक आठवत गेली. फोनवर हे सगळं बोलून होणार नाही, म्हणून लिहायला घेतलंय.

साल्हेरपासून आंबोलीपर्यंत सह्याद्रीच्या धारेनं पायी जायचा तुझा बेत मला नवीन नाही. किती मुक्कामांवर, जेवणं आटोपल्यावर, तू काटकीनं मातीत ती धार काढून दाखवली आहेस! सगळ्यात वर डोलबारीची रांग, मग त्र्यंबकचे डोंगर, कळसूबाई, हरिश्चंद्रगड, नाणेघाट, भीमाशंकर, राजमाची, राजगड-तोरणा, महाबळेश्वर, कोयनेचं रान. बाकीचे झोपायला गेले तरी तुझी काटकी चालूच असायची. हा माणूस कधीतरी निघणार, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

लोक तुला धाडसी म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या बोलण्यात 'जिवाची पर्वा नसलेला' असा एक सूर असतो. काकूंच्या मनातही तेच आहे. त्यांना जे सांगायचंय ते आधी तुलाच सांगतो. मी आयुष्यात इतकी माणसं पाहिली, पण तुझ्याइतका सावध माणूस मला भेटलेला नाही.

हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेचा तो दिवस घे. बेलपाड्यातून अंधारातच निघालो होतो. उजाडलं तेव्हा कोकणकड्याचा तो अजस्र अर्धगोल समोर उभा होता आणि सगळ्यांच्या अंगात उत्साह मावत नव्हता. नळीत शिरून धोंड्यांवरून चढत पहिल्या कातळटप्प्याशी पोहोचलो आणि तू थांबलास. आमच्या डोक्यावर लख्ख निळं आभाळ होतं. तू मात्र वर घाटमाथ्याकडे बघत होतास. तिथे ढग दाटले होते. बराच वेळ बघून म्हणालास, "परत फिरू."

आपल्यातला एक जण तेव्हा केवढा चिडला होता! लांबून आला होता, रजा टाकून आला होता, आणि पाऊस तर कुठेच दिसत नव्हता. तू त्याला पूर्ण बोलू दिलंस. मग शांतपणे समजावलंस की ही नळी म्हणजे वरच्या अख्ख्या पठाराचं पन्हाळ आहे. पाऊस तिथे पडला की पाणी आणि दगड इथून खाली येणार, आणि एकदा आत गेलं की पुढचे कित्येक तास बाजूला सरकायला जागा नाही. आवाज जराही चढला नाही तुझा. सॅकचे पट्टे आवळलेस आणि सगळे उतरायला लागल्यावर नेहमीसारखा शेवटून चालू लागलास.

त्या दिवशी पाऊस पडलाच नाही. संध्याकाळपर्यंत ढग विरून गेले. गावातल्या अंगणातून सगळा कडा स्वच्छ दिसत होता आणि आपला चिडलेला गडी तुझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होता. तुला त्याचं काही वाटलं नाही. बाकी सगळे हळहळत असताना तू अंगणात पथारी टाकून गाढ झोपलास. मला आजही तुझं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते त्या झोपेचं. पाऊस आला असता तर तुझं बरोबर ठरलं असतं, पण तुला बरोबर ठरायचंच नव्हतं. थंडीत आपण पुन्हा गेलो तेव्हा त्याच गड्याला तू आग्रहानं बोलावून घेतलंस. अवघड टप्प्यावर स्वतः बिले देऊन, म्हणजे त्याचा दोर सांभाळून, त्याला सगळ्यांच्या आधी वर चढवलंस. आता तोच जिथेतिथे तुझे गोडवे गात असतो.

हरिहरच्या पायऱ्यांवरची ती बाईही मला आठवते. जवळपास उभ्या कातळात खोदलेला तो जिना. 1818 साली गड घ्यायला आलेला इंग्रज अधिकारी ब्रिग्ज तो पाहून थक्क झाला होता म्हणतात. चढताना माणसाचं तोंड दगडाकडे असतं म्हणून भागतं. उतरताना खाली नजर गेली की पोटात गोळा येतो. ती बाई मधेच थिजून बसली होती, वर माणसांची रांग तुंबली होती, आणि जो तो तिला सूचना देत होता. तू कडेकडेनं तिच्या खाली उतरलास आणि तिला दगडाकडे तोंड करायला लावलंस. मग एकेक खोबण दाखवत राहिलास. "ताई, आता उजवा हात त्या खाचेत. हां. आता डावा पाय खाली सोडा, मी धरलाय." असं थेट पायथ्याच्या झाडीपर्यंत! तिचं नावही तू विचारलं नाहीस. खाली सोडलंस आणि राहिलेल्यांना आणायला परत वर गेलास.

नकाशा वाचायला मला तूच शिकवलंस. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, विरळ असतील तिथे पठार, दाट होतील तिथे चढ, आणि एकीवर एक चढून त्यांची जाड काळी रेघ झाली की तिथे कडा. तिकडे पाऊल टाकायचं नाही. कळसूबाईच्या माथ्यावर, 1646 मीटरवर, वाऱ्यात फडफडणारा नकाशा दगडांखाली दाबून तू समोरच्या एकेका डोंगराला त्याच्या रेघांशी जुळवत बसला होतास. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर कसे एकावर एक साचत गेले, म्हणून आपले डोंगर असे टप्प्याटप्प्यांचे दिसतात, हे तिथेच सांगितलंस. त्या दिवसापासून मला गाडीच्या खिडकीतूनही डोंगर निराळे दिसतात. हे तुला कधी बोललो नव्हतो, म्हणून आज लिहितोय.

आणि तुझ्या त्या वह्या! नकाशावर जिथे नुसता उंचीचा आकडा असतो, तिथल्या प्रत्येक सोंडेला, झऱ्याला, खिंडीला गुराखी काय म्हणतात ते तू विचारून विचारून लिहून ठेवलंयस. कुठल्या टाक्याचं पाणी कधीपर्यंत पुरतं, कुठली ढोरवाट मधेच दरीत संपते, कुठे आग्या मोहोळ बसतं आणि तिथून जाताना बोलायचंही नाही, सगळं तारखेनिशी. म्हाताऱ्या वाटाड्यांशी तू तासन् तास बोलत बसायचास, तेव्हा आम्हाला उशीर होतोय म्हणून चुळबूळ व्हायची. त्यांतले कित्येक जण आता राहिले नाहीत. त्यांनी सांगितलेली नावं तुझ्या वहीत आहेत. आणखी कुठे असतील असं मला वाटत नाही. त्या वह्यांच्या प्रती काढून ठेव, हे मी आता हक्कानं सांगतोय.

राजमाचीला काजवे पाहिले ती रात्र तर सांगायलाच हवी. पावसाच्या तोंडावरची, हवा अगदी कोंदलेली. रानात शिरल्यावर तू सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावलेस. कुरकुर झाली. "डोळ्यांना जरा वेळ द्या," एवढंच म्हणालास. पाच-दहा मिनिटं काहीच दिसेना. मग पायवाट दिसायला लागली, मग झाडांचे बुंधे, आणि मग एक अख्खं झाड उजळलं आणि विझलं, शेजारचं उजळलं, विझलं. पलीकडे उतारावर तेच. इतकी माणसं होती, पण कोणाच्या तोंडून शब्द निघेना. तू हे आधी कितीदा पाहिलं होतंस, तरी तुझ्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच बघितल्यासारखं काहीतरी होतं. अंधारात चेहरा कसा दिसला म्हणशील, पण दिसला खरा.

दूरदेशीही तू असाच. जिंजीला गेलास तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता. राजाराम महाराजांनी जिथून स्वराज्य तगवलं तो किल्ला आपण पाहिलेला नाही ही गोष्ट सलते, म्हणालास आणि निघालास. पुढे 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. अकरा आपल्याकडचे आणि बारावा जिंजी. तेव्हा तुझा पहाटे फोन. आनंद झालाच होता तुला, पण निम्मा वेळ तू गर्दी वाढल्यावर टाक्यांच्या पाण्याचं काय होणार यावरच बोलत होतास. स्पितीतल्या हिक्कीमहून, सुमारे 4400 मीटर उंचीवरच्या त्या टपाल कचेरीतून, तू पाठवलेलं कार्ड तू घरी परतल्यावर कितीतरी दिवसांनी माझ्या हातात पडलं. अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

उत्तरकाशीचा 28 दिवसांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करून आलास तेव्हा ओठ फुटलेले, नाकाची साल निघालेली, आणि डोळे नुसते चमकत होते. काकूंना ओठ दिसले, मला डोळे. आमच्या घरी आलास आणि माझ्या मुलीला खिडकीच्या गजाला दोर बांधून फिगर ऑफ एटची गाठ शिकवत बसलास. आधी गाठ बांधायची, मग दुसऱ्याकडून तपासून घ्यायची. ती तेव्हा अगदी लहान होती. आज ती कॉलेजात क्लाइंबिंग वॉलवर चढते आणि चढण्याआधी जोडीदाराकडून गाठ तपासून घेते. कोणी शिकवलं असं विचारलं की तुझं नाव सांगते.

हिमालयातल्या हामटा पासचं, त्या खिंडीचं, तर काकूंना कोणी सांगितलेलंच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पास ओलांडायचा आणि आपल्यातल्या एकाचं रात्रीपासून डोकं ठणकतंय, उलट्या थांबेनात. सगळ्यांनी आपापल्या गोळ्या काढल्या. तू त्याला सरळ रेघेवर चालायला लावलंस, तोल जातोय हे बघितलंस आणि उजाडताच त्याला घेऊन खाली निघालास. विरळ हवेचा त्रास झाला की खाली उतरणं हेच औषध, एवढंच म्हणालास. 4270 मीटरवरचा तो पास तुझ्या कित्येक वर्षांच्या मनात होता. आम्ही गेलो, तू गेला नाहीस. नंतर आमचे फोटो इतक्या मन लावून बघितलेस की मलाच दाखवताना कसंतरी झालं.

हे सगळं काकूंनी पाहिलेलं नाही रे. त्यांना दिसतं ते तू सॅक पाठीवर टाकून दार ओढून घेताना, आणि दिसतात ते परत आल्यावरचे खरचटलेले गुडघे. मधलं सगळं आम्ही पाहिलं. इतक्या वर्षांत तू त्यांना डोंगरातलं सौंदर्य सांगितलंस, उंची सांगितलीस, पण काळजी कशी घेतोस ते कधी सांगितलं नाहीस. तुला ती सांगायची गोष्ट वाटतच नाही. त्यांना मात्र तेवढंच ऐकायचं आहे.

तर मी तुझी समजूत घालणार नाही. तू जा. दिवाळीनंतर निघतोयस ते उत्तम. टाकी भरलेली असतील, हवा स्वच्छ असेल. पण माझ्या काही अटी आहेत आणि त्यांत घासाघीस चालायची नाही. मुक्कामांची यादी लिहून एक प्रत मला दे, एक काकूंना. रेंज मिळेल तिथून रोज एक निरोप, आणि किती दिवस निरोप आला नाही तर आम्ही कोणाला कळवायचं, हेही त्याच कागदावर हवं. अलंग-मदनच्या किल्ल्यांवर एकट्यानं दोर लावायचा नाही, त्या टप्प्याला आपले दोघे-तिघे येतील, मी विचारून ठेवलंय. कोयनेच्या अभयारण्यात रात्री राहू देत नाहीत. तिथला वळसा तू कसा घेणार आहेस ते मला अजून नीट कळलेलं नाही, सांग. आणि डिसेंबर सरला की धारेवरचं गवत वाळून किती निसरडं होतं हे तूच आम्हाला शिकवलंयस. कंटाळा आला तरी त्या दिवसांत काठी सोडू नकोस.

एक गोष्ट माझ्या मनातली. नाणेघाट ते भीमाशंकर मी तुझ्याबरोबर चालणार आहे. ढाकोबा, दुर्ग, आहुपे करत. रजेचा अर्ज दिलाय, नवे बूट आणलेत आणि रोज पहाटे ते घालून टेकडी चढतोय. तुझा वेग मी कमी करीन हे खरं, पण तू तसाही शेवटून चालतोस.

रविवारी दुपारी मी काकूंकडे जातोय. नकाशा नेणार आहे. नळीच्या वाटेपासून हामटापर्यंत सगळं त्यांना सांगणार आहे. तूही तेव्हा घरीच थांब. वह्या काढून ठेव आणि त्यांना स्वतः एकेक मुक्काम दाखव. त्या विचारतील ते सगळं विचारू दे, अगदी तेच तेच विचारलं तरी.

तुझाच

ता. क. तुझा छोटा स्टोव्ह गेल्या वर्षापासून माझ्याकडेच आहे. साफ करून, पेटवून बघितलाय. रविवारी घेऊन येतो.