गॅरेजचं दार खाली ओढणाऱ्या काकांना

ती. स्व. काका,
सा. न.

शाळेत पत्रलेखन शिकवताना बाईंनी घोकून घेतलं होतं: ‘तीर्थरूप’ घरच्या वडीलधाऱ्यांना, ‘तीर्थस्वरूप’ बाहेरच्यांना. म्हणून वर तसं लिहिलंय. हात ‘तीर्थरूप’कडे वळत होता, एवढं सांगून ठेवतो.

शनिवारी माझ्या घरी बांधलेल्या विमानाच्या उड्डाणाचे ४० तास पूर्ण झाले. फोनवर तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही विचारलंत, “तेल कधी बदललंस?” तुमचे आभार फोनवर मानता येत नाहीत, हा माझा वर्षभराचा अनुभव आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुम्हाला आवडणार नाही. पण चार दिवस रागवाल आणि पाचव्या दिवशी केबलच्या ताणाबद्दल विचाराल, याची खात्री आहे.

ज्यांना आपली गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेत माणसाला घरी विमान बांधता येतं. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून केलेलं असलं, की सरकार त्याची ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून नोंद करतं आणि तो शब्द दोन इंची अक्षरांत विमानावर लिहायला लावतं. मग ठरवून दिलेल्या टापूत चाचणीची उड्डाणं करायची. इंजिन आणि प्रोपेलर यांची प्रमाणित जोडी असेल तर २५ तास, नसेल तर ४०. आमची जोडी आंतरजातीय, म्हणून ४०. तेवढे तास सोबत प्रवासी बसवायचा नाही.

माझं विमान जुन्या पायपर कब या छोट्या विमानाच्या वळणाचं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, डोक्यावर पंख, पंखांना खालून तिरके स्ट्रट (टेकू देणाऱ्या दांड्या), एकामागे एक दोन सीट. २०२० च्या उन्हाळ्यात एका गृहस्थाकडून अर्धवट बांधलेलं विकत घेतलं. “फक्त जोडायचं राहिलंय,” असं ते म्हणाले होते. त्या ‘फक्त’मध्ये माझी चार वर्षं गेली आणि बायकोच्या गाडीने चार हिवाळे बाहेर बर्फात काढले.

मदतीला माणसं मिळाली नाहीत असं नाही. एकजण तासाच्या हिशोबाने पैसे घेऊन सल्ला द्यायचे. दोनदा आले. दुसऱ्यांदा तर गॅरेजच्या उंबऱ्यावरूनच “लुक्स ग्रेट, मॅन!” म्हणाले आणि पूर्ण तासाचे पैसे घेऊन गेले. दुसरे खरोखरच जाणकार होते. त्यांनी पंखाच्या कापडी पट्टीखाली राहिलेला हवेचा एक फुगा हेरला. फुगा होता, मी नाही म्हणत नाही. पण आठ-दहा जणांसमोर त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “ज्याला पट्टी चिकटवता येत नाही त्याने विमान बांधू नये.” लोक हसले. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि ती पट्टी त्याने चिकटवली होती. त्या दिवसानंतर तो गॅरेजमध्ये आला नाही.

आपल्या मंडळींचं काय सांगू! “कधी उडणार?”, “किती घातलेस?”, “विमा आहे ना?” या तीन प्रश्नांच्या पलीकडे कुणी गेलं नाही. २०२४ च्या गणपतीत एक सद्गृहस्थ मला प्रसादाच्या रांगेत गाठून समजावत होते, की पहिलं विमान १८९५ साली आपल्या तळपद्यांनी चौपाटीवर उडवलं. त्याला धड पुरावा नाही, पण ते असो. हे व्याख्यान चालू होतं डेटनमध्ये, राइट बंधूंच्या गावात! त्यांनी जिथे १९०५ साली विमान ३९ मिनिटं हवेत ठेवून दाखवलं, ते हफमन प्रेअरीचं कुरण तिथून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. मी मान डोलावत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, “कंट्रोल्स केबलचे आहेत का पुशरॉडचे?”

मी वळून पाहिलं. पांढरा सदरा, हातात मोदकाचा द्रोण. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले, ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, मिग-२१ या लढाऊ विमानांवर उमेदीची वर्षं घालवलेले तुम्ही. चार वर्षांत मला कुणी विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता.

पुढच्या रविवारी तुम्ही आलात. बरोबर लेक-जावई, शिवाय मंडळातलं एक जोडपं. गॅरेजच्या बाहेर चपला काढल्यात, देवळात काढाव्या तशा. विमानाभोवती एक फेरी मारलीत, हात मागे बांधून. मग मागच्या सीटवर चढून बसलात आणि स्टिक (विमान वळवायचा दांडा) डावीकडे झुकवलीत. डाव्या पंखाच्या एलेरॉनकडे (मागच्या कडेची हलणारी फळी; ती वर गेली की तो पंख खाली झुकतो) पाहिलंत. उजव्या पंखाकडे पाहिलंत. पुन्हा एकदा तेच केलंत. मी तुमच्या चेहऱ्याकडे डोळे लावून होतो, आणि तिथे काहीसुद्धा उमटलं नाही.

“कापड सुरेख बसलंय,” तुम्ही म्हणालात. मग बाकीच्यांना म्हणालात, “तुम्ही लोक आत जाऊन चहा घ्या. मला याच्याशी जरा केबलचं बोलायचंय, कंटाळाल.”

सगळे आत गेले. तुम्ही खाली उतरलात, पुढे गेलात आणि हात उंच करून गॅरेजचं दार खाली ओढून घेतलंत. दाराची मोटर दोन वर्षं बंद होती (पैसे विमानात जात होते), आणि ते दार मलाही जड जातं. तुमचं वय चौऱ्याहत्तर. मला वाटलं, ऊन डोळ्यांवर येत असेल.

“बस आत,” तुम्ही म्हणालात. “स्टिक धर. अंगठा वर कर. आता डावीकडे झुकव. अंगठा कुठे बघतोय?”

“डावीकडे.”

“ज्या बाजूला अंगठा, त्या बाजूचं एलेरॉन वर यायला पाहिजे. बघ.”

मी पाहिलं. डावं एलेरॉन खाली गेलं होतं.

काका, ती स्टिक मी शेकडो वेळा हलवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला हलवून दाखवली होती. एक वर, एक खाली, कुठे घासत नाही, अडत नाही, कसं लोण्यासारखं चालतंय! दोन्ही पंखांच्या केबल सारख्याच उलट्या जोडलेल्या, त्यामुळे दिसायला सगळं झकास. आधीच्या मालकाने केबलींना चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या, मी त्यांवर विसंबलो. चिठ्ठ्या त्याच्या, पण हात माझेच.

तसाच उडालो असतो तर काय झालं असतं, ते तुम्ही बोलला नाहीत. गरजही नव्हती. जमीन सोडल्यावर पहिली झुळूक डावा पंख खाली दाबणार, मी सावरायला स्टिक उजवीकडे घेणार आणि पंख आणखी खाली जाणार. जितकं सावरावं तितकं उलटं. पन्नास फुटांवर विचार करायला वेळ कुठला?

माझे हात कापत होते. तुम्ही स्टिकला एक लाल फडकं बांधलंत, म्हणजे चुकून कुणी हात लावणार नाही. मग खाली बसलात आणि म्हणालात, “शहाण्यासुरत्या माणसांकडून होतं हे. ज्याने जोडलं त्याला दिसत नाही. म्हणून आमच्याकडे डुप्लिकेट इन्स्पेक्शन असतं. कंट्रोल्सला हात लागला की दोन वेगळ्या माणसांनी तपासायचं, दोघांनी सही करायची. तुझ्याकडे दुसरा माणूस नव्हता, एवढंच.”

मग दार वर केलंत. आत गेल्यावर माझ्या बायकोने विचारलं, “काय हो काका, ठीक आहे ना सगळं?” आणि अर्ध्या फेऱ्याचीही गय न करणारे तुम्ही चक्क खोटं बोललात. “काही नाही, केबल जरा ढिली आहे. दोन दिवसांचं काम.” आणि चहा बशीत ओतलात.

त्यानंतरचे दोन महिने तुम्ही रोज सकाळी साडेनऊला हजर. एलेरॉनच्या केबल दुसऱ्याच दिवशी सुलट्या झाल्या. त्या मी जोडल्या, तुम्ही फक्त बॅटरी धरलीत. मग सगळं रिगिंग, म्हणजे पंख-केबलींची जुळणी, पहिल्यापासून. ओळंबा लावून, पारदर्शक नळीत हळदीचं पाणी भरून, गवंडी जोत्याची पातळी काढतात तसं. टर्नबकलच्या (केबल ताणायच्या पेचाच्या) बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसले की तुमच्या कपाळाला आठी. मी पिळलेल्या सगळ्या लॉकिंग वायरी (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार; इथे ‘सेफ्टी वायर’ म्हणतात) कापायला लावल्यात, कारण निम्म्या उलट्या दिशेने ओढत होत्या. काम संपलं की पाने-पकडी मोजायच्या, एक कमी भरला तर जेवायचं नाही. बाकी तपशिलांनी वाचकांना छळत नाही. पण त्यातलं एकही काम तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलं नाहीत, हे लिहायलाच हवं. “विमान तुझं आहे,” म्हणायचात.

मध्ये एकदा मी विचारलं होतं, हे भारतात जमलं असतं का? “जमलं असतं, चपला झिजल्या असत्या,” असं म्हणून तुम्ही कॅप्टन अमोल यादवांचं सांगितलंत. कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’त लोकांनी डोळे भरून पाहिलं, आणि नोंदणीचा कागद मिळायला २०१७ साल उजाडलं.

आणि इथल्या एअर फोर्सच्या म्युझियममध्ये मिग-२१ समोर तुम्ही जे उभे राहिलात! मी वेळ पाहिली नाही, पण माझा मुलगा सबंध दालन फिरून परत आला तरी तुम्ही तिथेच. परवा २६ सप्टेंबरला चंदीगडमध्ये मिगना निरोप दिला, त्याचा व्हिडिओ तुम्ही मला पाठवलात. खाली एक अक्षर नव्हतं.

हो, मुलगा. तो तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहिला. तुम्ही वर न पाहता म्हणालात, “बारका पाना दे रे.” त्याने दिला. त्या फुग्याची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली होती का, हे मला अजून कळलेलं नाही. पण आठवड्याभराने तुम्ही त्याच्या हातात सुती रुमाल दिलात आणि केबलवरून फिरवायला शिकवलंत. केबलीत १३३ बारीक तारा असतात. एखादी तुटली असेल तर डोळ्याला दिसत नाही, रुमालाचा धागा मात्र अडकतो. आता ते खातं त्याचं आहे. मला तो हात लावू देत नाही.

या मेमध्ये पहिलं उड्डाण झालं. इथे सकाळचे साडेसहा, नाशकात दुपारचे चार. व्हिडिओ कॉलवर तुम्ही एकही सूचना दिली नाहीत, फक्त “पोराला बोलाव” म्हणालात. तो विमानासमोर उभा राहिला. मी स्टिक डावीकडे घेतली. त्याने पंख पाहिले आणि तेवढाच अंगठा डावीकडे झुकवून दाखवला. उजवीकडे घेतली, अंगठा उजवीकडे. मग लॉगबुकात माझ्या सहीखाली त्याची सही. तेरा वर्षांच्या मुलाच्या सहीला इथल्या कायद्यात किंमत शून्य. त्या पानाचा फोटो तुमच्याकडे आहेच.

बावीस मिनिटं हवेत होतो. उतरल्यावर म्हटलं, डावा पंख जड लागतोय. “डावीकडच्या मागच्या स्ट्रटचा फोर्क आत घे. अर्धा फेरा.” मी विचारलं, एक घेऊ का? “अर्धा.” अर्ध्यात काम झालं.

काका, ज्ञान असलेली माणसं मी भरपूर पाहिली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात तर पैशाला पासरी मिळतात. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मी ओळखतो, कारण ते माझ्याही चेहऱ्यावर येत असे. परवा हाताखालच्या एका पोरीच्या कामात मोठी घोडचूक सापडली. मीटिंग चालू होती, बारा माणसं होती. तोंडापर्यंत आलेलं गिळलं आणि नंतर तिला बाजूला बोलावलं. ती बिचारी “थँक यू” म्हणाली. तिला काय माहीत, की ते नाशिकला पाठवायचं होतं.

दार तुम्ही ओढून घेतलं होतंत, ते आज मी स्वतःच्या हाताने उघडलं. बायकोला आदल्या रात्री सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे काका खोटं बोलले माझ्याशी,” आणि उठून डोळे पुसून आली. तिचा निरोप आहे: या वेळी उतरायचं ते आमच्याकडे, लेकीकडे नाही. ते तुम्ही आणि तुमची लेक बघून घ्या.

आता कामाचं. ४० तास झाले, म्हणजे माणूस बसवायला परवानगी मिळाली. हे विमान एकट्याने उडवायचं तर मागे बसून उडवावं लागतं, नाहीतर तोल जमत नाही. त्यामुळे पुढची सीट आजवर रिकामीच गेली आहे. तिथून खालचं सगळं दिसतं. मुलाने नंबर लावला होता, पण आपण होऊन मागे सरला. ‘आधी आजोबा’ म्हणतो.

तेव्हा व्हिसाचं बघा आणि वजन-तोलाच्या तक्त्यासाठी तुमचं वजन कळवा. अंदाजे नको, काट्यावर उभं राहून. बूट आणि जाड जाकीट घालून. काकूंचंही वेगळ्या कागदावर पाठवा, त्यांना न विचारता पाठवू नका.

शि. सा. न.
आपला,
डेटनचा विमानवाला