निळ्या पाऊचबरोबरचं पत्र

चिपळूण,
बुधवार, रात्री

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, मी ऑफिसला जातो, हिमालयात नाही," आणि मी फोन ठेवून दिला. तो राग आता गेलाय. पावसाने गाडी कुर्ल्याच्या अलीकडे थांबली, त्यात तुझा काय दोष? पण त्या संध्याकाळपासून तुझा फोन बंद होता आणि दम्याचा पंप (इनहेलर) डोंबिवलीला घरी टीव्हीवर पडला होता, हे मला नितीनदादाकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. पंपाबद्दल एकदाच लिहीन असं आजीला कबूल केलंय, तेव्हा ते आधी उरकते.

पंप पिशवीत ठेवायचा नाही. पँटच्या पुढच्या खिशात, झाकण लावून. लोकलमध्ये पिशवी वर रॅकवर जाते आणि उतरताना गर्दी तुला बाहेर काढते, पिशवीला नाही. झाकणाशिवाय ठेवलास तर खिशातलं नाणं नाहीतर कापसाचा बोळा त्याच्या तोंडात जाऊन बसतो आणि फवारा मारताना सरळ घशात येतो. तुझ्या निळ्या पंपात २०० फवारे असतात, पण आकडा दाखवणारी खिडकी नाही. पाण्यात टाकून तरंगतो का बघणं किंवा हलवून आवाज ऐकणं, दोन्ही फसवं आहे. औषध संपलं तरी आतला गॅस उरतो आणि फवारा उडतच राहतो. म्हणून नवीन पंप उघडशील त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख घाल आणि फवाऱ्यांचा हिशोब ठेव. बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोन फवारे हवेत सोड. आणि आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागायला लागला तर "मुंबईची हवाच तशी आहे" म्हणून बसू नकोस, डॉक्टरांकडे जा. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा दुसरा पंप, दमा उठू नये म्हणूनचा, घरीच राहू दे, पण तो चुकवू नकोस.

झालं. आता पाऊच, कुठे अडकलास तर लागेल ते भरलेला.

शिंदेकाकांबरोबर शुक्रवारच्या बसने पाठवतेय. बाबांचा मीटर रीडिंगच्या वेळचा आहे, चेन नवीन बसवून घेतली. सगळं भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, साडेपाचशे ग्रॅम भरला, पाण्याची बाटली सोडून. त्याच्या वर जाऊ दिला नाही. जड झाला की पहिल्या आठवड्यात तू तो काढून ठेवशील, आणि घरी राहिलेली वस्तू कितीही चांगली असली तरी कुर्ल्याला उपयोगाची नाही. तुला यात काही घालायचं असेल तर आधी काहीतरी बाहेर काढ.

त्यात सगळ्यात जड पॉवर बँक आहे, १०,००० एमएएचची. हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो. त्याचे ५ व्होल्ट करताना काही उष्णतेत जातं आणि तुझ्या हाती सहा-साडेसहा हजार येतात. तुझा फोन ५,००० चा, म्हणजे एक पूर्ण चार्ज आणि वर थोडं. २०,००० ची घेतली असती तर साडेतीनशे-चारशे ग्रॅम एकट्या तिचेच झाले असते. वायर वीतभरच दिलीय. लांब, पातळ वायरीत व्होल्टेज पडतं आणि फोन तासभर लावूनही टक्के हलत नाहीत. दर रविवारी दुपारी ती चार्ज कर. नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते, आणि नेमकी लागेल तेव्हा एकच दिवा दाखवते. फुगलेली दिसली तर वापरणं त्याच क्षणी बंद, टोचून बघायचं नाही, ई-कचऱ्यात द्यायची. पाण्यात पडली तर वाळवून परत चार्जिंगला लावायची नाही. उशीखाली ठेवून तर कधीच चार्ज करू नकोस.

आणि गाडी अडकली की पहिल्या दहा मिनिटांतच फोन जपायला लाग, वीस टक्क्यांवर आल्यावर नाही. उजेड कमी कर, डेटा बंद कर. नेटवर्क कमी असलं की फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी खातो, म्हणून विमानाचं चिन्ह लावून ठेव आणि अर्ध्या तासाने पाच मिनिटं काढ. तेवढ्यात साधा एसएमएस टाक. फोन लागत नाही तेव्हाही एसएमएस बऱ्याचदा जातो, त्याला नेटवर्क फार थोडं लागतं. त्यात तीनच गोष्टी लिही: कुठे आहेस, कोण बरोबर आहे, बॅटरी किती. चौथी मला हवी असते, श्वास कसा आहे. जमलं तर.

बघ, पुन्हा तिथेच आले. राहू दे.

कागदावर पाच नंबर लिहून दिलेत: घर, बाबा, नितीनदादा, आत्या, तुझं ऑफिस. दुसऱ्याच्या फोनवरून लावायची वेळ आली तर तुला स्वतःचा सोडून एकही नंबर पाठ नाही हे मला माहीत आहे. २०२१ च्या जुलैत आपल्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं, तेव्हा आजीची नंबरांची वही अख्ख्या आळीला पुरली. कागद बॉलपेनने लिहिलाय, जेल पेनची शाई ओलाव्याने फुटते. मग दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलीय. मागे रक्तगट, "दमा" आणि "ब्रुफेन देऊ नये" असं लाल अक्षरात. हेच सगळं फोनच्या इमर्जन्सी माहितीतही भर, म्हणजे लॉक न उघडता दुसऱ्याला दिसेल. खाली ११२, रेल्वेचा १३९, ॲम्ब्युलन्सचा १०८ आणि मुंबई महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६ आहेत.

ब्रुफेनचं नीट ऐक. दमा असलेल्या काही जणांना आयबुप्रोफेन, म्हणजे ब्रुफेनमधलं औषध, आणि ॲस्पिरिनने अटॅक येतो. तुला काय झालं होतं ते आठवत नसेल, आत्याला विचार. डोकं दुखलं म्हणून शेजारचा मित्र प्रेमाने गोळी देईल, आणि दुखण्याच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतंच. स्ट्रिपवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नकोस. पाऊचमध्ये फक्त साधी पॅरासिटामॉल ५०० आहे, अख्खी स्ट्रिप. दुकानात चार गोळ्या कापून देतात तेव्हा एक्सपायरीची तारीख बहुतेक वेळा दुकानदाराकडच्या तुकड्यावर राहते, आणि वर्षाने हातात काय आहे ते कळत नाही. म्हणून कापलेली घ्यायची नाही. ओआरएसची दोन पाकिटं आहेत, एका लिटरची, २०.५ ग्रॅमची. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघूनच घेत जा. फळांच्या चवीचे गोड डबे तहान भागवतात, जुलाब झाल्यावर त्यांचा उपयोग नाही. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये असा अंदाज करू नकोस. घट्ट झालं तर उलट त्रास होतो. लिटरभर पाणी नसेल तर थांब. मायक्रोपोर टेप, चार बँड-एड, गॉजचे दोन चौकोन आणि बोथट टोकाची छोटी कात्री. सुरी मुद्दाम घातली नाही, घाटकोपरला मेट्रोच्या तपासणीत अडकली तर ऑफिसला उशीर तुलाच.

टेपवरून सांगायचं म्हणजे, स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी, जवळ नसेल तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली चालते. बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढंच भोक पाड, कडेने टेप लाव, आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घे. बसून, थोडं पुढे वाकून. आडवं पडायचं नाही. एकेक करून चार फवारे, मग चार मिनिटं थांब, फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर पुढची वाट बघायची नाही. १०८ लाव आणि शेजारी जो असेल त्याला सांग. लाजू नकोस. लोकलमधली माणसं जागा देताना कुरकुरतात, पण आजारी माणसाला उचलून नेतात.

पंचा बघून हसशील. आजोबांसारखा दिसतो म्हणून तू तो कॉलेजलाही नेला नाहीस. पण एवढ्या वजनात याच्याइतकं काम करणारं दुसरं काही मला माहीत नाही. पंख्याखाली लगेच वाळतो. डोकं पुसायला, धुरात आणि धुळीत नाकावर बांधायला, रक्त वाहत असेल तर घडी करून दहा मिनिटं न उचलता दाबून धरायला. मधेमधे उचलून बघितलं की गोठत आलेलं रक्त पुन्हा सुटतं. हात मोडला तर तिरका दुमडून गळ्यात झोळी. टर्किशचा नॅपकिन यातलं एकही नीट करत नाही आणि ओला झाला की दोन दिवस वास मारतो.

टॉर्च एका पेन्सिल सेलची आहे. सेल उलटा घातलाय, म्हणजे पिशवीत आपोआप लागणार नाही. लागेल तेव्हा सरळ कर. अल्कलाइन सेल वर्षभर तसाच राहिला तर फुटून पांढरा क्षार सोडू शकतो, म्हणून दिवाळी आणि होळीला बदल. शिटी बिनगोटीची आहे, ओली झाली तरी वाजते. तीनदा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा. ओरडून दम घालवू नकोस, तुला तर अजिबातच नको. चार सेफ्टी पिना चपलेचा पट्टा तुटला तर कामी येतील. पाचशे रुपये दहा-वीस-पन्नासच्या नोटांत आहेत, झिपच्या पिशवीत. नेटवर्क गेल्यावर यूपीआय चालत नाही आणि पाचशेची नोट रिक्षावाला सुटी करत नाही. खजुराचं पाकीट घातलंय, चिक्की पावसात चिवट होते. पाण्याची बाटली तू घे, अर्ध्या लिटरची, रोज भरून.

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक शर्ट, पँट, मोजे आणि जुने बूट ठेव. ते रोज वाहायची गरज नाही.

पावसाचं राहिलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशेच्याही आत. म्हणून ऑफिसच्या खिडकीतून बघून "एवढा काही नाही" असं ठरवायचं नाही. ऑफिसमध्ये असशील तर तिथेच राहा, मी ओरडणार नाही. गाडीत असशील तर उडी मारून रुळावर उतरू नकोस. वरची तार २५,००० व्होल्टची आहे आणि शेजारच्या रुळावरची गाडी चालू असू शकते. रेल्वेची माणसं उतरवतील तेव्हाच उतर. रस्त्यावर पाणी असेल तर दुभाजकाच्या बाजूने, दुसऱ्या माणसाच्या मागे, पुढे लांब छत्री टेकत चाल. गटाराची झाकणं उघडलेली असतात आणि गढूळ पाण्यात दिसत नाहीत. विजेच्या खांबाला, पेटीला हात लावायचा नाही. त्या पाण्यातून चाललास तर घरी साबणाने पाय धू, खरचटलं असेल तर जास्तच, आणि ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखव. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, त्याची गोळी डॉक्टर ठरवून देतात. ती पाऊचमध्ये घातली नाही, मनाने घ्यायची नाही. ताप आला तर "पावसात भिजलो म्हणून" असं म्हणून घरी बसू नकोस.

फार झालं ना? तू चोवीस वर्षांचा आहेस आणि मी अजून तुझ्या दप्तरात डबा घालतेय असं वाटत असेल. माफ कर. नितीनदादाने हेही सांगितलं की अडकलेल्या गाडीत तू तुझी बाटली एका म्हाताऱ्या गृहस्थांना दिलीस आणि बसायला जागाही दिलीस. बाबांनी ते ऐकलं आणि न बोलता पॉवर बँक आणायला बाजारात गेले. मला एवढं बरं वाटलं की मी ते आत्याला फोन करून सांगितलं, मग सुमाकाकूलाही. पण चार तास उभा राहिलास, पाणी दिलंस, आणि पंप घरी. पुढच्या वेळी बाटली खुशाल दे. पंप दुसऱ्याला देऊ नकोस, तेवढंच.

शिंदेकाका शनिवारी सकाळी ठाण्याला उतरतात, साडेसहाला. झोपून राहू नकोस, ते जास्त वेळ थांबत नाहीत. डब्यात आमसुलं आहेत, ती नितीनदादाच्या आईसाठी. पाऊच उघडलास की सगळं टेबलावर मांडून एकदा हाताने बघ, अंधारात चेन कुठे आहे, टॉर्च कुठे, शिटी कुठे. मग फोन कर. आणि पंपावरची एक्सपायरी मला वाचून दाखव, महिना आणि साल दोन्ही.

तुझी
आई