शेवटचा शब्द कोणाचा?

प्रिय सुधीर,

पायलट आणि संगणक यांचं पटलं नाही तर कोणाचं ऐकायचं, असं तू विचारलंस. ते आधीच ठरलेलं असावं लागतं, ऐनवेळी वाद घालायला सवड नसते. ठरवताना दोन गोष्टी बघायच्या: हाताशी सेकंद किती, आणि ताजी माहिती कोणाकडे.

टीकॅस घे, म्हणजे विमानांची टक्कर टाळणारी यंत्रणा. समोरासमोर येणाऱ्या विमानांचे ट्रान्सपॉन्डर (रेडिओ संदेशाला आपोआप उत्तर देणारी उपकरणं) एकमेकांशी बोलतात. आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ ऐकू येतं. तेव्हा नुसतं बघायचं, वाट बदलायची नाही. मग ‘क्लाइंब’ किंवा ‘डिसेंड’ असा आदेश येतो, त्या वेळी टक्कर साधारण १५ ते ३५ सेकंदांवर असते. बहुतेक विमानांत ऑटोपायलट काढून पाच सेकंदांच्या आत हालचाल सुरू करायची आणि व्हर्टिकल स्पीडचा काटा लाल पट्ट्यातून हिरव्यात आणायचा. चढायचं असेल तर बहुधा मिनिटाला १५०० फूट. आदेश उलटला तर अडीचच सेकंद. कंट्रोलरला, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट सांगणाऱ्याला, ‘टीकॅस आरए’ (टीकॅसचा आदेश आलाय) एवढंच कळवायचं. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) ऐकू येईपर्यंत त्याने त्या विमानाची वाट बदलायची नाही. मात्र स्टॉलचा (पंखांची उचल संपत आल्याचा) किंवा जमीन जवळ आल्याचा इशारा टीकॅसच्याही वर.

१ जुलै २००२ ला दक्षिण जर्मनीत यूबरलिंगेनवर हीच उतरंड नियमांत स्पष्ट नव्हती. तुपोलेव्ह विमानाला कंट्रोलर म्हणाला खाली या, टीकॅस म्हणाला वर जा. वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. पलीकडचं बोइंग आपल्या टीकॅसचं ऐकून खालीच येत होतं. ७१ माणसं गेली. दोन्ही यंत्रं आपसात ठरवून एकाला वर, दुसऱ्याला खाली पाठवतात. एकाने मोडलं की दुसऱ्याचं पाळणंच घातक ठरतं. म्हणून इथे यंत्राचं ऐकायचं, आणि मला ते पूर्ण पटतं.

बोइंग ७३७ मॅक्सच्या एमकॅसला, म्हणजे नाक फार वर गेलंय असं वाटलं की ते आपोआप खाली ढकलणाऱ्या प्रणालीला, मात्र असा हक्क द्यायलाच नको होता. विमानावर अँगल ऑफ अटॅकचे (समोरच्या हवेशी पंखाचा कोन मोजणारे) सेन्सर दोन, पण ते एका वेळी एकाचंच ऐके. तो बिघडला की शेपटीचा आडवा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, एका झटक्यात अडीच अंशांपर्यंत फिरून नाक खाली. अंगठ्याच्या ट्रिम स्विचने (ट्रिम म्हणजे हा स्टॅबिलायझर फिरवणं) थांबवलं तर पाच सेकंदांनी पुन्हा तेच. योक (नाक वर-खाली करायचा दांडा) मागे ओढला की आपोआप चालणारा ट्रिम थांबे, ही जुन्या ७३७ मधली सोय एमकॅसपुढे चालत नव्हती. वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये सुरुवातीला त्याचं वर्णनही नव्हतं. ट्रिमची मोटर तोडणारे कटआउट स्विच वापरून हाताने ट्रिमचं चाक फिरवायचा मार्ग होता, पण वेग जास्त असेल तर हवेच्या दाबाने ते हलतच नाही म्हणाना. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ बळी गेले.

आता दोन्ही सेन्सरांत ५.५ अंशांहून जास्त तफावत पडली की एमकॅस गप्प बसतं. एका प्रसंगात एकदाच चालतं, आणि योक ओढून वैमानिक त्याच्यावर मात करू शकेल इतपतच.

एअरबस ६७ अंशांपलीकडे बाजूला कलू देत नाही, बोइंग ७७७ मध्ये जोर लावून मर्यादा ओलांडता येते. यावर लोक फार भांडतात. मला तो वाद दुय्यम वाटतो. सेन्सर खोटं बोलायला लागला की यंत्र गप्प बसतं, हट्टाला पेटतं की काम वैमानिकाच्या हाती सोपवतं, आणि सोपवताना तसं सांगतं का, हे आधी विचारावं. काही एअरबसमध्ये तर टीकॅसचा आदेश ऑटोपायलटच पाळतो. त्याला माझी हरकत नाही: तो काय करतोय ते समोर लिहून येतं, आणि साइडस्टिकवरचं (वैमानिकाच्या बाजूच्या छोट्या दांड्यावरचं) लाल बटण दाबलं की तो लगेच सुटतो.

तुझा,
अनिल