जनरेटर नुसता चालू करून बंद करणं म्हणजे टेस्ट नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात बावीस वर्षं जनरेटर रिपेअरिंगचं काम करतोय. गेल्या महिन्यात एका सोसायटीतून रात्री फोन आला, लाइट गेली म्हणून जनरेटर लावला, लिफ्ट दोन मजले वर गेली आणि मधेच अडकली, आत एक आजी होत्या, त्यांना बाहेर काढायला अर्धा तास लागला. वॉचमन बिचारा परत परत सांगत होता, साहेब मी दर रविवारी पाच मिनिटं चालवतो, एका सेल्फमध्ये लागतो. आणि तो खरंच चालवत होता. पण चेंजओव्हर, म्हणजे सोसायटीची लाइन जनरेटरवर घ्यायचा स्विच, न टाकता, म्हणजे लोड शून्य.

इथंच सगळा घोळ आहे आणि तो मी जवळजवळ प्रत्येक सोसायटीत बघतो म्हणून हे पत्र लिहितोय.

सेटमध्ये दोन गोष्टी असतात, इंजिन आणि त्यावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर, आणि दोघांचा कंट्रोल वेगवेगळा. आपल्याकडचे बहुतेक डिझेल सेट मिनिटाला १५०० फेऱ्यांवर फिरतात, चार पोलचा (चार चुंबकी टोकांचा) अल्टरनेटर असला की त्यातून बरोबर ५० हर्ट्झ मिळतात. लिफ्ट किंवा पंप चालू झाला की अल्टरनेटर फिरवायला एकदम जड जातो, इंजिन दबतं, मग गव्हर्नर डिझेल वाढवतो आणि फेऱ्या सांभाळतो. व्होल्टेज सांभाळायचं काम एव्हीआरचं (ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर), तो आउटपुट बघून फील्डला, म्हणजे अल्टरनेटरमध्ये चुंबक तयार करणाऱ्या वाइंडिंगला, कमी जास्त करंट देत राहतो. साधे मेकॅनिकल गव्हर्नर रिकाम्या सेटवर ५२ हर्ट्झच्या आसपास लावलेले असतात, फुल लोडला ते ५० वर येतात, म्हणून रिकाम्या सेटवर ५२ दिसले तर घाबरू नका.

त्या सोसायटीत काय झालं होतं तर टाकीत जुनं डिझेल, खाली पाणी साचलेलं, फिल्टर चोक. रिकाम्या इंजिनाला डिझेल लागतं थोडंसंच, तेवढं चोक फिल्टरमधूनही येतं, त्यामुळं रविवारी आवाज मस्त, मीटरवर ४१५ व्होल्ट. लिफ्ट उचलताना मात्र गव्हर्नरनं पूर्ण डिझेल मागितलं आणि ते आलंच नाही, फेऱ्या पडल्या, हर्ट्झ ४५ च्या खाली गेले, आणि फेऱ्या एका मर्यादेखाली गेल्या की एव्हीआर मुद्दामच व्होल्टेज उतरवतो, कारण तसं नाही केलं तर फील्डमध्ये करंट वाढून वाइंडिंग तापतं आणि दबलेल्या इंजिनावर बोजा तसाच राहतो. व्होल्टेज उतरलं आणि लिफ्टची मोटर चालवणारा ड्राइव्ह ट्रिप झाला. कमिटीवाले मला एव्हीआर बदला म्हणत होते, पण एव्हीआर अगदी ठीक होता, तो त्याचं काम करत होता. फिल्टर बदलला, टाकी धुतली, एअर काढली, झालं.

नुसतं रिकामं चालवल्यानं नुकसानही होतं हे लोकांना पटत नाही. सिलिंडर पुरेसा तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये साचतं आणि सायलेन्सरच्या जॉइंटमधून काळं तेलकट गळायला लागतं. ते गळताना दिसलं की समजायचं सेटला लोडच मिळत नाहीये. कमीत कमी ३० टक्के तरी लोड द्यावा असं कंपन्याही सांगतात.

माझी सगळ्या सोसायट्यांच्या आणि छोट्या दवाखान्यांच्या लोकांना कळकळीची विनंती आहे, महिन्यातून एकदा आधी नोटीस लावून चेंजओव्हर जनरेटरवर टाका, पंप, जिन्यातले लाइट, लिफ्ट सगळं त्यावर अर्धा तास चालवा, आणि लोड असताना हर्ट्झ, व्होल्ट आणि तिन्ही फेजचे अँपिअर वहीत लिहा. हर्ट्झ महिन्यामागून महिना थोडे थोडे उतरत गेलेले दिसले की मेकॅनिकला बोलवा, लाइट जायची वाट बघू नका. बॅटरीचं चार्जिंगही तेव्हाच बघून घ्या. आणि लिफ्ट चालवून बघताना आत कोणाला बसवू नका, रिकामीच वर खाली करा.

आपला,
एक जनरेटर मेकॅनिक, पुणे