लिहिणारा निनावी चालेल, छापणारा नको

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांच्या नावाने चालणाऱ्या ‘कन्फेशन पेज’बद्दल दर वर्षी वर्ग सुरू झाले की एकदा तरी ओरड होते. प्राचार्य सूचनाफलकावर इशारा लावतात, पालक काळजीत पडतात, दोन-चार दिवस पेज बंद होते आणि मग नावात एखादे टिंब किंवा आकडा वाढवून तेच पेज पुन्हा सुरू होते. मी वरिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि गेली काही वर्षे तेथील अंतर्गत तक्रार समितीवर काम करते, त्यामुळे हा मजकूर मला वाचावा लागतो. या प्रकारावर सरसकट बंदी घालावी, असे माझे मत नाही. मात्र आज ही पेजेस ज्या रीतीने चालवली जातात ती मला मान्य नाही, आणि आक्षेप नेमका कशाला आहे हे स्पष्ट व्हावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्या वाचकांनी असे पेज पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पूर्वी फेसबुकवर आणि आता बहुतेक इन्स्टाग्रामवर महाविद्यालयाच्या नावाची आद्याक्षरे घेऊन एक खाते उघडले जाते. त्यावर गूगल फॉर्मची लिंक असते. फॉर्ममध्ये नाव विचारलेले नसते. आलेल्या मजकुरातून खाते चालवणारा, म्हणजे अॅडमिन, त्याला योग्य वाटेल तो मजकूर निवडतो आणि रंगीत चौकटीत अनुक्रमांक घालून प्रसिद्ध करतो. खाली टिप्पण्यांत मित्रमैत्रिणींना टॅग केले जाते आणि ‘ही कोण रे?’ असा शोध सुरू होतो. अॅडमिन कोण हे गुपित असते. तो शेवटच्या वर्षाला पोहोचला की पासवर्ड एखाद्या कनिष्ठ विद्यार्थ्याच्या हाती देऊन निघून जातो, आणि ही सूत्रे कोणाकडून कोणाकडे गेली हे महाविद्यालयात फारसे कोणाला ठाऊक नसते.

या पेजवर सगळा कचराच असतो, असे म्हणणाऱ्यांनी ते नीट वाचलेले नसते. गावाकडून आलेली मुलगी तिथे लिहिते की वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारला की तिचे हात थरथरतात आणि म्हणून ती शेवटच्या बाकावर बसते. वसतिगृहातला मुलगा लिहितो की सुट्टीत सगळे घरी गेले, त्याला घरी जायचे नाही, आणि का जायचे नाही हे तो सांगू शकत नाही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण लिहितात की पूर्वपरीक्षेत पुन्हा अपयश आले, पण घरी मुख्य परीक्षेची तयारी चालू असल्याचे सांगितले आहे. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. पण तो निकाल जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तोवर एखाद्या मुलाला मनातली गोष्ट पहिल्यांदा लिहायला हीच जागा सापडते. आडनाव विचारून बोलण्याचा सूर बदलणाऱ्या सहाध्यायांबद्दल लिहिलेलेही मी वाचले आहे. हे सारे आमच्या समितीकडे, समुपदेशकाकडे किंवा वर्गशिक्षकाकडे का येत नाही, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारायला हवा. कित्येक महाविद्यालयांत समुपदेशक म्हणजे कागदावरचे एक नाव असते, तक्रारपेटीची किल्ली कार्यालयात असते आणि ती पेटी मुख्याध्यापकी नजरेच्या टप्प्यात टांगलेली असते. तिच्यात चिठ्ठी टाकणारा विद्यार्थी फार धाडसी म्हणावा लागेल.

या लेखनाला निनावीपणाची गरज आहे आणि तो काढून घेतला तर ते लिहिलेच जाणार नाही. पण त्याच पेजवर दुसऱ्या प्रकारचा मजकूरही असतो. त्यात लिहिणारा स्वतःबद्दल काही कबूल करत नाही. तो दुसऱ्याबद्दल लिहितो. वर्ष, तुकडी, कपड्याचा रंग, वाचनालयात बसण्याची जागा आणि वेळ एवढे तपशील आले की नाव लिहिण्याची गरज उरत नाही. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीचे असे वर्णन अनेकदा प्रसिद्ध झाले होते. सुरुवातीला कौतुकाचा सूर होता, नंतर तिच्या एका मित्राचा उल्लेख आला, मग ती कोणत्या बसने जाते हेही आले. तिने पेजला संदेश पाठवून मजकूर काढण्याची विनंती केली तेव्हा ‘तुझं नाव कुठे लिहिलंय?’ असे उत्तर मिळाले. लिहिणारा एक होता की चार, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. ज्याने ते मजकूर एकामागून एक वाचले, निवडले आणि प्रसिद्ध केले तो मात्र एकच होता, आणि त्याला विचारण्याचा कोणताही मार्ग आमच्यापाशी नव्हता.

येथेच माझा मुद्दा आहे. निनावी मजकूर महाविद्यालयांना नवा नाही. स्नेहसंमेलनातले शेलापागोटे, म्हणजेच फिशपाँड, आपल्यापैकी अनेकांनी झेलले आहेत आणि काहींनी लिहिलेही आहेत. त्यातही नाव नसायचे, टोमणे असायचे, प्राध्यापकही सुटत नसत, आणि ते नेहमीच निरागस होते असे म्हणण्याइतकी माझी स्मृती भाबडी नाही. तरी त्यात एक व्यवस्था होती. चिठ्ठ्या पेटीत पडल्या की संमेलनाचे चिटणीस आणि एखादे प्राध्यापक बसून त्या चाळत, विखारी आणि अश्लील असतील त्या बाजूला काढत, आणि उरलेल्या व्यासपीठावरून वाचणारा मुलगा सगळ्यांच्या ओळखीचा असे. काही वावगे वाचले गेले तर दुसऱ्या दिवशी जाब कोणाला विचारायचा हे माहीत असायचे. शिवाय वाचलेली चिठ्ठी त्या संध्याकाळीच संपायची. आजच्या पेजवरचा मजकूर स्क्रीनशॉटमधून पुढे सरकत राहतो आणि मूळ पोस्ट काढली तरी उरतो, म्हणजे चाळणाऱ्याची जबाबदारी तेव्हापेक्षा वाढली आहे. नेमका तोच आता अदृश्य झाला आहे.

वृत्तपत्रांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. या पत्राखाली माझे नाव छापू नये, अशी माझी विनंती आहे, कारण त्यावरून महाविद्यालय आणि पुढे ती विद्यार्थिनी ओळखली जाईल. पण नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक मी आपल्याला कळवला आहे, आणि या पत्रात काही चुकीचे असेल तर त्याचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल, हे आपण आणि मी दोघेही जाणतो. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापण्याचे बंधन १८६७ च्या कायद्याने घातले. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली असली, तरी अंकाच्या तळाशी बारीक टाइपात नावे असतातच. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावरचे आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापले, ज्या पत्रांच्या भरवशावर ते छापले ती बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ती पत्रे त्यांनी स्वतः लिहिलेली नव्हती. त्या खटल्यातल्या ब्रिटिश न्यायाची बाजू घेण्याचे मला कारण नाही. पण छापले ते आपण छापले, हे त्या दोघांनी नाकारले नाही.

आजचा कायदाही याच दिशेने पाहतो. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात बदनामीकारक विधान करणाऱ्याबरोबर ते प्रसिद्ध करणाराही येतो, आणि ३५१ व्या कलमात ओळख लपवून दिलेल्या धमकीसाठी दोन वर्षांपर्यंतची वाढीव शिक्षा आहे. ‘मी फक्त अॅडमिन आहे’ हा बचाव विद्यार्थ्यांच्या तोंडी नेहमी ऐकू येतो. तो बहुधा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरून उचललेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये खरोखरच म्हटले होते की ग्रुपमधील सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी अॅडमिनला केवळ अॅडमिन म्हणून दोषी धरता येणार नाही. पण त्यामागचे कारण असे होते की सदस्याचा संदेश ग्रुपवर येण्याआधी तो तपासण्याचा किंवा रोखण्याचा अधिकार ग्रुपच्या अॅडमिनला नसतो. कन्फेशन पेजचा अॅडमिन तर तेवढेच काम करतो. त्याच्या बोटाखालून गेल्याशिवाय तिथे एक अक्षरही येत नाही.

हे वाचून कोणी पोलिसांत धाव घ्या असा अर्थ काढू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या एका साध्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीने ती लिहिली होती आणि दुसरीने तिला लाइक केले होते. ज्या कलमाखाली असे प्रकार घडत होते ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ‘६६ अ’ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. वीस वर्षांच्या मुलांच्या लेखनावर पोलीस ठाणे हा पहिला उपाय असू नये, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले आहे. पाठलाग, धमकी किंवा छायाचित्रांचा गैरवापर असेल तर सायबर पोलिसांकडे जावेच लागेल. बाकीच्या प्रकरणांत महाविद्यालयातच उत्तर देणारा माणूस सापडला पाहिजे.

निनावीपणाचा धंदा करणाऱ्या अॅपकडून तर ती अपेक्षाच नको. २०१७ मध्ये ‘सराहा’ नावाचे अॅप आपल्याकडच्या मुलामुलींनी डोक्यावर घेतले. ते वापरणाऱ्यांच्या फोनमधली संपर्कयादी आपल्या सर्व्हरवर पाठवत असल्याचे त्याच वर्षी उघड झाले. नंतर आलेल्या ‘एनजीएल’वर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०२४ मध्ये केलेला आरोप अधिक बोलका आहे. कोणीतरी ओळखीच्याने पाठवला आहे असे भासवून ही कंपनी स्वतःच बनावट निनावी संदेश पाठवत होती आणि ‘कोणी पाठवले ते जाणून घ्या’ म्हणून पैसे उकळत होती. तडजोडीत कंपनीने ५० लाख डॉलर देण्याचे आणि अठरा वर्षांखालील मुलांना हे अॅप न देण्याचे मान्य केले.

पेज चालवणाऱ्याने आपले नाव जाहीर करावे, या माझ्या सूचनेवर विद्यार्थ्यांचा एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. अॅडमिनचे नाव जाहीर झाले तर महाविद्यालय त्याच्यावर दबाव आणून लिहिणाऱ्यांची नावे काढून घेईल, असे ते म्हणतात. पण गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवली, तर अॅडमिनकडे नाव पोहोचतच नाही. त्याच्यावर कितीही दबाव आणला तरी त्याच्यापाशी देण्यासारखे काही नसते. आज अनेक पेजवर याच्या अगदी उलट चालते. मजकूर डीएममधून, म्हणजे खात्यावरच्या खासगी संदेशातून, मागवला जातो, त्यामुळे कोणी काय लिहिले हे अॅडमिनला कळते, आणि अॅडमिन कोण हे कोणालाच कळत नाही. ज्याने विश्वासाने मनातले लिहिले तो उघडा पडतो आणि ज्याच्या हाती ते पडले तो पडद्याआड राहतो. मुलांनी याचा विचार केलेला नसतो. २०१७ मध्ये विद्यापीठीय क्षेत्रातील लैंगिक छळाच्या आरोपांची एक यादी फेसबुकवर फिरली होती. तीत तक्रारदार निनावी होते, पण ती प्रसिद्ध करणारी कायद्याची विद्यार्थिनी स्वतःच्या नावाने पुढे आली होती. चौकशीविना नावे जाहीर करावीत का, यावर तेव्हा स्त्रीवाद्यांमध्येच तीव्र मतभेद झाले, आणि माझेही मत त्या यादीच्या बाजूचे नाही. तरी टीका झेलायला कोणीतरी समोर होते, म्हणूनच तो वाद होऊ शकला.

म्हणून पेज चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की पेजच्या माहितीत त्यांनी निदान दोघांची खरी नावे लिहावीत. दुसऱ्या व्यक्तीचे ओळखू येईल असे वर्णन छापू नये, आणि ज्याच्याबद्दल मजकूर आहे त्याने तो काढायला सांगितला तर कारण न विचारता काढावा. मध्यरात्री एखाद्याने जगणे नकोसे झाल्याचे लिहिले, तर ते रंगीत चौकटीत घालून खाली हसण्याच्या इमोजी येण्याची वाट पाहू नये. पाठवणाऱ्याला गाठता येत नाही हे खरे, पण ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, जो रात्रीही चालू असतो आणि जिथे मराठीतून बोलता येते, पेजवर आणि फॉर्मच्या सुरुवातीलाच देता येतो. महाविद्यालयाने स्वतःचे अधिकृत कन्फेशन पेज काढण्याच्या भानगडीत पडू नये. तिथे कोणी काही लिहिणार नाही.

आमच्याकडे काही विद्यार्थी प्रतिनिधींपुढे हा विषय मी मांडला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. नाव जाहीर करणाऱ्या अॅडमिनवर, महाविद्यालयावर टीका करणारा मजकूर छापल्याबद्दल कारवाई होणार नाही, अशी लेखी हमी प्राचार्यांनी द्यावी. खानावळीतल्या अळ्यांबद्दल किंवा न झालेल्या तासांबद्दल छापले म्हणून अंतर्गत गुण कापले जाणार असतील, तर कोणता विद्यार्थी नाव देईल? ही अट रास्त आहे. यंदाच्या सत्रापासून महाविद्यालयांनी ती हमी द्यावी आणि माहितीपुस्तिकेत छापावी.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)